प्रपंचाचा हिशेब : विजेवरची लहान मोटार घरीं घ्यावी काय?

गेल्या चार-सहा महिन्यांत ह्या सदराकडे जीं पत्रें आलीं त्यांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं पुनःपुन्हां विचारलेला आढळतो. विजेवर चालणारी लहान मोटार, जिला बाजारांत हॅचबॅक म्हणतात, ती नित्याच्या उपयोगाला खरोखर पडते कीं नाहीं? आगाशीच्या एका गृहस्थांनीं तर पृच्छेबरोबर घरांतील माणसांची यादी, विजेचीं तीन बिलें आणि अंगणाचा नकाशाहि पाठविला आहे. असा पद्धतशीर वाचक लाभणें हें कोणत्याहि सदराचें भाग्य होय. त्यांच्या घरीं दोघे भाऊ, दोघांच्या पत्नी, वृद्ध मातोश्री, महाविद्यालयांत जाणारी एक मुलगी व शाळेंत जाणारे दोन मुलगे असा आठ जणांचा परिवार आहे. धाकट्या बंधूंचें म्हणणें विजेची घ्यावी. थोरल्यांचें म्हणणें पेट्रोलची घ्यावी. आणि मातोश्रींचें म्हणणें असें कीं, कोणतीहि घ्या, पण नवरात्रापूर्वीं घ्या, म्हणजे वज्रेश्वरीस जाऊन येऊं. आम्हांस वाटतें, तिघांत मातोश्रीच प्रश्नाच्या मुळाशीं अधिक जवळ पोंचल्या आहेत. मोटार कशावर चालते ह्याच्या आधीं ती कोणासाठीं, कोठें आणि महिन्याकांठीं किती चालणार, हें ठरलें पाहिजे.

विजेचें वाहन म्हटलें कीं वडीलधाऱ्या मंडळींच्या मनांत शंका येते. पण वसई-विरारकरांनीं तरी त्याला नवल समजूं नये. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल १८६७ सालीं धांवली, ती वाफेवर. आणि १९३६ सालीं बोरिवलीच्या पुढें विरारपर्यंत विजेच्या तारा आल्या. म्हणजे आपल्या तालुक्यांतील माणूस तीन पिढ्या विजेच्याच वाहनानें पोटामागें धांवत आहे. मुंबईची ट्रामहि १९०७ पासून १९६४ पर्यंत विजेवरच चालली. फरक एवढाच कीं, आगगाडीला आणि ट्रामला वीज वाटेवरच्या तारेंतून मिळते, व मोटारीला ती शिदोरीसारखी बरोबर बांधून न्यावी लागते. ह्या गाडीचे बहुतेक गुण आणि बहुतेक दोष ह्या शिदोरींतूनच निघतात. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलचें रेशनिंग झालें, तेव्हां पाठीमागें कोळशाची भट्टी जोडलेल्या मोटारी आपल्या देशांत धांवत असत. त्यांच्या मानानें ही शिदोरी पुष्कळच सोंवळी म्हणावयाची.

नमुन्यादाखल आपण टाटांची टियागो घेऊं. कारण ह्या वर्गांतली ती परिचयाची गाडी आहे, आणि तिची पेट्रोलवर चालणारी बहीण रस्त्यावर असल्यामुळें तुलना सोपी जाते. विजेवरची टियागो सप्टेंबर २०२२ मध्यें बाजारांत आली. गुजराथेंत साणंद येथें ती तयार होते. आली तेव्हां तिची आरंभींची किंमत ८ लाख ४९ हजार रुपये होती, आणि १९.२ व २४ किलोवॅट-तासांच्या अशा दोन बॅटऱ्यांपैकीं एक निवडतां येत असे. किलोवॅट-तास म्हणजे आपल्या बिलावरचा एक युनिट. मोठी बॅटरी पुरी भरली म्हणजे तिच्यांत २४ युनिट मावले. एखाद्या काटकसरी घरांतील तीन-चार दिवसांचा विजेचा खर्च. एवढ्या शिदोरीवर ३१५ किलोमीटर जातां येईल असें त्या वेळीं जाहीर झालें होतें. तो चांचणींतला आंकडा होय. चांचणींतला आंकडा आणि रस्त्यावरचा आंकडा ह्यांचें नातें पत्रिकेंतले गुण आणि प्रत्यक्ष संसार ह्यांच्यासारखें असतें. वैशाखांतल्या उकाड्यांत गारव्याचें यंत्र लावून, चार माणसें बसवून, खड्डे चुकवीत जाणाऱ्यानें २०० च्या आंतच धरावें. आम्ही १८० धरितों. बॅटरीची हमी ८ वर्षें किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जें आधीं पुरें होईल तोंपर्यंत होती.

धर्मशास्त्रांत कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद केलेले आहेत. मोटारीच्या फेऱ्यांनाहि हाच भेद लावून पाहावा. आगाशीकरांच्या घरचें नित्यकर्म असें : थोरल्या बंधूंना सकाळीं विरार स्टेशनावर सोडणें व सायंकाळीं आणणें, मुलांची शाळा, मातोश्रींचे डॉक्टर, आणि बाजार. सोडणारी गाडी रिकामी परत येते, तें अंतरहि मोजावें लागतें. तें मोजूनहि दिवसाची बेरीज २५ किलोमीटरांपलीकडे जात नाहीं. अशा नित्यकर्माला ही गाडी उत्तम आहे, इतकी कीं तिला दुसरी तोड नाहीं. स्टेशनाजवळच्या गर्दींत पेट्रोलचें एंजिन उभ्या-उभ्या तेल जाळतें. विजेची मोटार थांबली म्हणजे तिचें चाक फिरविणारें यंत्र कांहींच खात नाहीं. ब्रेक दाबतांना तेंच यंत्र उलट्या बाजूनें जनित्राचें काम करतें आणि गतींतली थोडी वीज बॅटरींत परत घालतें. म्हणून नालासोपाऱ्याच्या पुलावर रांगेंत रखडणें हें पेट्रोलच्या गाडीला जितकें महाग पडतें तितकें हिला पडत नाहीं. उलट अहमदाबादच्या हमरस्त्यावर ताशीं शंभरच्या वेगानें पळविली तर वाऱ्याचा विरोध वाढतो आणि शिदोरी भराभर संपते. पेट्रोलची गाडी हमरस्त्यावर काटकसरी व गांवांत उधळी असते. हिचा स्वभाव त्याच्या नेमका उलट आहे.

आतां पैशाचा हिशेब. पेट्रोलचा लिटर १०४ रुपये आणि लिटराला गांवांतल्या गर्दींत १५ किलोमीटर असें धरूं. किलोमीटरला ६ रुपये ९३ पैसे पडतात. विजेचा युनिट सर्व आकार मिळून १५ रुपये आणि भरतांना होणारी गळती धरून मीटरवरच्या युनिटाला ७ किलोमीटर धरूं. किलोमीटरला २ रुपये १४ पैसे पडतात. बचत किलोमीटरमागें ४ रुपये ७९ पैसे. सारख्याच सोयींच्या पेट्रोलच्या गाडीपेक्षां विजेची अडीच लाखांनीं महाग पडते असें समजूं. विजेच्या वाहनांवरचा जीएसटी ऑगस्ट २०१९ पासून शेंकडा ५ आहे. परंतु सप्टेंबर २०२५ मध्यें लहान पेट्रोल गाड्यांवरचा कर शेंकडा २८ वरून १८ वर आला, त्यामुळें किंमतींतलें अंतर कमी होण्याऐवजीं वाढलें, हें ध्यानांत घ्यावें. हे अडीच लाख किती दिवसांत वसूल होतात? महिन्याला १००० किलोमीटर चालविणाऱ्याला ४ वर्षें ४ महिने लागतात. आगाशीकरांचे महिन्याचे ६५० किलोमीटर होतात. त्यांना ६ वर्षें ८ महिने लागतील, म्हणजे हमीची ८ वर्षें संपण्याच्या आंत. आणि महिन्याला ३०० किलोमीटरच चालविणाऱ्याला साडेचौदा वर्षें लागतात.

हा शेवटचा आंकडा आम्हीं मुद्दाम काढला, कारण वसई-विरारमधील पुष्कळ बिऱ्हाडें त्यांत मोडतात. कर्ता पुरुष, आणि आतां बहुधा कर्ती स्त्रीहि, पहांटे उठून लोकल पकडते. स्टेशन चालण्याच्या किंवा शेअर रिक्षाच्या अंतरावर असतें. गाडी सोमवारपासून शनिवारपर्यंत इमारतीखालीं धूळ खात उभी असते आणि रविवारीं अर्नाळ्याच्या किंवा राजोडीच्या किनाऱ्यावर फिरून येते. चर्चगेटपर्यंतचे ६० किलोमीटर रेल्वेनें आधींच स्वस्त करून ठेविले आहेत. जी बचत लोकलनें करून दिली तीच पुन्हां विजेच्या मोटारीनें करून द्यावी हें शक्य नाहीं. बॅटरी तर नुसती उभी राहूनहि वयानें जीर्ण होते; ८ वर्षांत असा गृहस्थ २९ हजार किलोमीटरहि पुरे करणार नाहीं, आणि हमी मात्र संपून जाईल. तेव्हां ज्यांची गाडी काम्यकर्मापुरतीच आहे त्यांनीं पैसे वांचतील ह्या आशेनें ही गाडी घेऊं नये. आवड म्हणून घ्यावी. आवडीला हिशेब लागत नाहीं.

बिलाविषयीं एक सूक्ष्म गोष्ट आहे, ती विक्रेता सांगत नाहीं. घरगुती विजेचा दर पायऱ्यांनीं चढतो. पहिले १०० युनिट स्वस्त, ३०० पर्यंतचे त्याहून महाग, पुढचे आणखी महाग. मोटारीचे युनिट हे नेहमीं वरच्या पायरीवर बसतात, कारण घरचे दिवे आणि पंखे खालच्या पायऱ्या आधींच अडवून असतात. आगाशीकरांच्या बिलांत महिन्याला २४० ते २८० युनिट दिसतात. त्यांत मोटारीचे ९३ मिळविले कीं तीनशेचा उंबरठा ओलांडला जातो. म्हणून आम्हीं वर युनिटाचा सरासरी दर न धरतां १५ रुपये धरिला. ज्यांच्या डोक्यावर स्वतःचें छप्पर आहे त्यांना फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेंतून ३ किलोवॅटच्या सौर संचाला ७८ हजारांपर्यंत साहाय्य मिळूं शकतें; एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिट देतो, आणि आगाशीकरांच्या मोटारीला त्याहून कमीच लागतात.

पण हा सर्व हिशेब एका गोष्टीवर उभा आहे, आणि ती गोष्ट दुकानांत दिसत नाहीं, घरांत दिसते. ती म्हणजे भिंतींतलें सॉकेट. ही गाडी घरच्या पंधरा अँपियरच्या सॉकेटवर भरतां येते. २४ युनिटांची बॅटरी दहा टक्क्यांपासून शंभरपर्यंत भरण्यास पावणेनऊ तास लागतात, म्हणजे रात्रीचें जेवण झाल्यावर लावावी आणि सकाळीं चहाच्या वेळीं काढावी. ह्या पावणेनऊ तासांत ती सतत अडीच किलोवॅटांहून अधिक भार ओढीत असते. आपल्या भागांतील जुन्या घरांचें वायरिंग दिवे, रेडिओ आणि फार तर इस्त्री एवढ्याच हेतूनें झालेलें आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेनें अर्थिंगची पट्टी गंजून जाते व तें कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. म्हणून गाडी पसंत करण्यापूर्वीं जाणत्या वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्यावें, मीटरपासून गाडीपर्यंत स्वतंत्र जाड तार व स्वतंत्र एमसीबी घालावा, आणि मंजूर भार वाढवून घ्यावा. ओसरीवरून लोंबकळत आणलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर मोटार भरणें म्हणजे गवताच्या गंजीशेजारीं चूल पेटविणें होय.

हें आम्ही कठोरपणें लिहितों त्याला कारण आहे. सप्टेंबर २०२२ मध्यें ह्याच वसईच्या पूर्व भागांत एका घरीं बैठकीच्या खोलींत चार्जिंगला लावलेली विजेच्या स्कूटरची बॅटरी पहांटेच्या सुमारास फुटली. जवळ निजलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि पुढें रुग्णालयांत दगावला. त्या घराचें दुःख आम्ही येथें दृष्टांत म्हणून वापरावें हें आमच्या मनाला बरें वाटत नाहीं. परंतु तें न सांगणें त्याहून वाईट. त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून सरकारनें विद्युत् वाहनांच्या बॅटऱ्यांच्या सुरक्षिततेचे नियम टप्प्याटप्प्यानें कडक केले. मोटारीची बॅटरी स्कूटरसारखी काढून घरांत आणतां येत नाहीं. ती गाडीच्या तळाशीं पक्की बसविलेली असते, तिच्या तपमानावर यंत्राची देखरेख असते, आणि भरण्याची जागा माणसें निजतात त्या खोलीपासून दूर राहते. एवढ्यापुरती मोटार स्कूटरहून अधिक सुरक्षित समजण्यास हरकत नाहीं. तरी भरण्याची जागा उघडी, हवेशीर आणि जिन्याच्या वाटेंत न येणारी असावी, हा नियम आम्ही सोडणार नाहीं. घरांत स्कूटर असेल तर तिची बॅटरी माजघरांत आणूं नये, हें तर निक्षून सांगतों.

आतां पावसाळा. वसई-विरारमधील मोटारीचा विचार पावसाळ्यावांचून पुरा होत नाहीं. जुलै २०१८ मध्यें नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखालीं गेले, लोकल बंद पडल्या आणि वसईच्या मिठागरांतील वस्ती पाण्यानें वेढली गेली, तें सर्वांना आठवत असेल. दिवाणमान, सनसिटी, तुळिंज, आचोळें येथील रहिवाशांना तर दरवर्षीं थोडाफार अनुभव येतोच. पाण्यांत वीज ह्या कल्पनेनेंच माणूस दचकतो. वस्तुतः पाण्यांतून जातांना पेट्रोलच्या एंजिनाला हवेबरोबर पाणी आंत ओढलें जाण्याचें जें भय असतें तें हिला नाहीं; ह्या गाडीची बॅटरी आणि मोटर ज्या प्रतीच्या आहेत त्या प्रतीची चांचणी एक मीटर पाण्यांत अर्धा तास ठेवून घेतात. पण चांचणी म्हणजे परवाना नव्हे. पाणी स्वच्छ, स्थिर आणि अर्धा तासच असतें तें चांचणींत. आपल्या गल्लींतलें पाणी गटाराचें, खारें आणि कधीं कधीं दोन दिवसांचें असतें. ज्याची गाडी ठेवण्याची जागा पाण्याखालीं जाते त्यानें ही गाडी घेऊं नये, किंवा आधीं जागा उंच करावी. सॉकेट तर कमरेच्या वर बसवावें, आणि पाणी चढूं लागलें कीं प्रथम एमसीबी बंद करून मग केबल काढावी.

थोरल्या आगाशीकरांचा खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि आम्हांस तो सर्वांत वजनदार वाटतो. ते लिहितात, वीज गेली आणि त्याच रात्रीं आईला दवाखान्यांत न्यावयाची वेळ आली तर? आमच्या घरीं हा प्रश्न पुस्तकी नाहीं. आमचे थोरले बंधु, ज्यांना सारें घर दादा म्हणतें, त्यांना आठवड्यांतून तीनदां डायलिसिससाठीं बोळींजहून वसईला न्यावें लागतें; जाऊन येऊन सुमारें २५ किलोमीटर. पुतण्यानें अशीच एक विजेची लहान गाडी घेतली त्याला दीड वर्ष झालें. दादांनींहि त्या वेळीं हेंच म्हटलें होतें कीं, बाबा, पेट्रोल संपलें तर कोणी बाटलींतून तरी आणून देईल, वीज कोण बाटलींतून आणील? त्यावर सूनबाईंनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं स्वयंपाकघरांतल्या पाटीवर एक नियम लिहून ठेविला : आषाढ ते भाद्रपद, बॅटरी निम्म्याच्या खालीं जाऊं द्यावयाची नाहीं. निम्मी बॅटरी म्हणजे ९० किलोमीटर, म्हणजे दादांच्या तीन फेऱ्या, म्हणजे एक आठवडा. गेल्या पावसाळ्यांत एका रात्रीं झाड पडून तारा तुटल्या आणि दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत अंधार होता; सकाळची फेरी ठरल्या वेळेस झाली. अडचण आली ती पाण्याची. गास-सनसिटीच्या रस्त्यावर पाणी होतें, म्हणून निर्मळ, भुईगांव, गिरीज असा वळसा घ्यावा लागला. आणि तो तर कोणत्याहि मोटारीला घ्यावाच लागला असता.

दादा आतां गाडीविषयीं तक्रार करीत नाहींत. डायलिसिसनंतर त्यांना मळमळतें, आणि एंजिनाची थरथर नसल्यानें परतीचा प्रवास सुसह्य होतो असें ते स्वतःच म्हणतात. चार तास वहिनी बाहेर थांबतात. उन्हाळ्यांत त्या गाडींत गारवा लावून पोथी वाचीत बसतात, त्याला एंजिन चालूं ठेवावें लागत नाहीं कीं धूर होत नाहीं. क्लच आणि गिअर नसल्यामुळें सूनबाई ती सहज चालवितात. त्यामुळें पुतण्या कामावर असला तरी दादांची फेरी चुकत नाहीं. ह्या गोष्टी रुपयांच्या रकान्यांत घालतां येत नाहींत, आणि आमच्या घरीं तरी गाडीचा निर्णय त्यांनींच केला. महिन्याला सव्वातीनशे किलोमीटर ह्या फेऱ्यांचे आणि इतर मिळून पांचशेंपर्यंत जातात. पैसे वसूल होण्यास पावणेनऊ वर्षें लागतील, हें पुतण्याला ठाऊक होतें.

नैमित्तिक फेऱ्यांविषयीं थोडक्यांत लिहितों. डहाणूची महालक्ष्मी एका दिवसांत, वाटेंत किंवा तेथें एकदां भरून, होते. नाशिकला कसारा घाट चढावा लागतो; चढतांना शिदोरी लवकर संपते, उतरतांना थोडी परत येते. वाटेंत जलद भरणीच्या ठिकाणीं दहा टक्क्यांपासून ऐंशींपर्यंत भरण्यास एक तास लागतो. जेवणाला थांबणाऱ्या कुटुंबाला तो जड वाटूं नये. पण निघण्यापूर्वीं वाटेवरचीं दोन ठिकाणें फोनवर पाहून ठेवावीं, कारण एक बंद असलें कीं दुसरें लागतें. गणपतीला रत्नागिरीकडे ह्या गाडीनें सर्व कुटुंब घेऊन जाण्याचा बेत करूं नये. तेव्हां आगगाडी बरी. भाईंदरपलीकडे कामें असणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झालेली वसई-भाईंदर रो-रो बोट चांगली सोय आहे. रस्त्यानें सुमारें ३८ किलोमीटरांचा फेरा होतो, तो बोटीनें पाव तासाचा होतो आणि गाडीची शिदोरी शिल्लक राहते. राज्याच्या २०२५ च्या धोरणांत अटल सेतु, मुंबई-पुणें द्रुतगति आणि समृद्धि महामार्ग ह्यांवर विजेच्या मोटारींना पथकर माफ करण्याचें ठरलें. आपल्या खानिवड्याच्या नाक्याला तें लागूं नाहीं.

वज्रेश्वरीचें गणित मात्र मातोश्रींसाठीं पुरें करून देतों. आगाशीहून वज्रेश्वरी सुमारें ३५ किलोमीटर. गाडींत कागदावर पांच, सुखानें चार. आठ माणसांना दोन खेपा. पहिली खेप पोंचवून गाडी रिकामी परत येईल, दुसरी नेईल. दर्शनानंतर पुन्हां तसेंच. वरवर पाहणारा मुलगा चार वेळां पस्तीस म्हणजे १४० असें उत्तर देईल. रिकाम्या फेऱ्या धरल्या तर सहा वेळां पस्तीस, म्हणजे २१० किलोमीटर होतात, आणि तें एका भरणींत बसत नाहीं. तेव्हां चौघांनीं मोटारीनें व चौघांनीं एसटीनें जावें. एकत्र कुटुंबाला एक लहान मोटार म्हणजे पंगतीला एक पाट. त्यावर कोणी बसावयाचें हें आधींच ठरवावें.

दोन उणीवा सांगितल्याच पाहिजेत. एक, ह्या गाडींत पांचवें चाक मिळत नाहीं. बॅटरीनें त्याची जागा घेतली आहे. त्याऐवजीं पंक्चर बुजविण्याचें साहित्य देतात. टायरची कड खड्ड्यांत फाटली तर त्या साहित्याचा उपयोग होत नाहीं, आणि आपल्या रस्त्यांवर टायर कडेलाच फाटतात. दुसरी, मागची सामानाची जागा २४० लिटरांची आहे; चाकाची खुर्ची घडी करून ठेविली कीं भाजीच्या पिशव्या मांडीवर येतात. एमजी कंपनीची कॉमेट ही एप्रिल २०२३ मध्यें आलेली गाडी ह्याहून आंखूड, जेमतेम तीन मीटरांची आहे. गल्लींत वळविण्यास ती फार सोयीची, पण तिला माणसांसाठीं दोनच दरवाजे. मागच्या बांकावर बसण्यासाठीं पुढची बैठक वांकवून आंत शिरावें लागतें. सत्तरी ओलांडलेल्या माणसानें तो व्यायाम करूं नये. २०२४ मध्यें त्याच कंपनीनें गाडी विकत आणि बॅटरी किलोमीटरमागें भाड्यानें अशी योजना काढली. गाय आपली आणि दूध भाड्याचें, अशी ती व्यवस्था दिसते. ज्याचें चालणें कमी त्याला ती परवडेल, पण करारावरील लहान अक्षरें चष्मा लावून वाचावीं.

आगाशीकरांनीं विजेची घ्यावी. अंगण आहे, जोतें उंच आहे, फेऱ्या नित्याच्या आहेत. धाकटी बॅटरी स्वस्त म्हणून घेऊं नये. थोरल्या बंधूंच्या मनांतली रात्रीची भीति मोठ्या बॅटरीनेंच जाईल. इमारतींत राहणाऱ्या वाचकांनीं उलट्या क्रमानें चालावें. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें स्वतःच्या घरच्या वीजजोडणीवरून गाडी भरतां येते. परंतु स्वतःची अशी नेमलेली जागा आणि आपल्या मीटरपासून तेथपर्यंत तार नेण्यास सोसायटीचें लेखी अनुमतिपत्र हातीं येईपर्यंत आगाऊ रक्कम भरूं नये. जिन्याच्या दिव्याच्या सामायिक मीटरवरून चोरून भरण्याचा विचार तर मनांतहि आणूं नये; त्यावरून शेजाऱ्यांत जें वैमनस्य येतें तें पेट्रोलच्या दहा वर्षांच्या खर्चाहून महाग पडतें. ज्यांना नेमलेली जागाच नाहीं त्यांनीं सध्यां पेट्रोलची जुनी गाडी राखावी.

पुढील अंकीं छतावरच्या सौरविजेचा हिशेब घेण्याचा विचार आहे. ज्या वाचकांनीं असा संच बसविला असेल त्यांनीं बसविण्यापूर्वींचीं व नंतरचीं प्रत्येकीं सहा महिन्यांचीं बिलें ह्या सदराकडे पाठवावीं. नांवें छापलीं जाणार नाहींत.